आवाज नाही

गेमच्या पोटाला अजून ती चिठ्ठी चिकटलेली आहे. वहीच्या कागदाचा चौकोनी तुकडा, वर पिवळी पडलेली सेलोटेप. मामाच्या अक्षरात गिऱ्हाइकाचं नाव, गल्लीचं नाव, तारीख १२/२/९८ आणि त्याखाली तक्रार : 'आवाज नाही'. कोपऱ्यात ४० हा आकडा, त्याभोवती गोल. गोल म्हणजे काम झालं, पैसे यायचे आहेत.

नाव मी इथे लिहीत नाही. तो माणूस कुठेतरी असेल आणि गेम त्याचा आहे.

या गेमवर मी आता लोकांसमोर संगीत वाजवतो. गेमच्या आतली चिप, मी लिहिलेल्या प्रोग्रॅमची एक कॅसेट, दोन पॅड, आणि मिक्सरला जाणारी एक वायर. याला चिपट्यून म्हणतात. त्याबद्दल सांगतोच, पण आधी दुकानाचं सांगितलं पाहिजे.

मामाचं इचलकरंजीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, मागे घर. दुकानाच्या आतल्या भिंतीला एक लोखंडी रॅक होता. लोक वस्तू दुरुस्तीला टाकतात आणि न्यायला येत नाहीत, त्या वस्तूंचा रॅक. नवीन घेतात, गाव सोडतात, विसरतात. कधी कधी खिशात चाळीस रुपये नसतात आणि मग यायची लाज वाटते. रेडिओ, टू-इन-वन, एक पोर्टेबल ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, स्टॅबिलायझर, इस्त्र्या. सगळ्यांना चिठ्ठ्या. मामा दर दिवाळीला रॅक पुसायचा आणि प्रत्येक वस्तू एकदा चालू करून बघायचा. मालक आला आणि वस्तू बंद निघाली तर काय सांगणार, असा त्याचा हिशोब.

२००३ च्या मे महिन्यात मी सात वर्षांचा होतो, सुट्टीला आजोळी आलो होतो आणि दुपारभर मामीला वैताग देत होतो. मामाने रॅकवरून हा गेम काढला, पुसला आणि आतल्या खोलीतल्या टीव्हीला जोडून दिला. सोबत दोन कॅसेटी होत्या. एकीवर ९९ गेम आहेत असं लिहिलेलं होतं, प्रत्यक्षात सातच होते आणि तेच पुन्हा पुन्हा. दुसरीत काँट्रा.

"खेळ. पण हितनं हलवायचा न्हाई," मामा म्हणाला. "मालक आला तर द्याचा."

मालक आला तर द्यायचा. पुढच्या पाच-सहा सुट्ट्या मी या वाक्याखाली खेळलो. दुकानात कुणी "माझी एक वस्तू टाकलीवती" असं म्हणत आलं, की मी पॉज दाबून कान टवकारायचो. इस्त्रीचं नाव निघालं की पुन्हा स्टार्ट.

त्या घराच्या तिन्ही बाजूंना माग होते. इचलकरंजीच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. दिवसरात्र खडखट, खडखट, आणि त्यात टीव्हीचा आवाज जेवढा मोठा करता येईल तेवढा केला तरी वरवरचे सूरच कानापर्यंत पोचायचे. काँट्राच्या संगीतात ड्रम आहेत हे मला कितीतरी वर्षांनी, पुण्यात, हेडफोनवर कळलं. त्या सुट्ट्यांमधलं लोडशेडिंगही आठवतं. वीज गेली की टीव्हीवरचा ठिपका विझायचा, मागांची खडखड दमल्यासारखी थांबायची, आणि गाव अचानक ऐकू यायला लागायचं : कुकर, कावळे, दोन घरं पलीकडचं भांडण. गेममध्ये सेव्ह वगैरे काही नव्हतं. वीज आली की पहिल्यापासून.

'आवाज नाही' ही तक्रार मुळात बिघाडाची नव्हतीच, हे मामाने मी इंजिनिअरिंगला असताना सांगितलं. हे गेम टीव्हीला अँटेनाच्या वायरीतून जोडायचे. त्या वायरीतून चित्र आणि आवाज सोबत येतात, पण आवाजाची लहर चित्राच्या लहरीपासून ठरावीक अंतरावर असते. आपल्याकडच्या टीव्हीत हे अंतर ५.५ मेगाहर्ट्‌झ. चीनमध्ये ६.५. तिकडच्या बाजारासाठी जुळवलेला गेम इकडे आणून लावला, तर चित्र स्वच्छ दिसतं आणि आवाज येत नाही. गेम आवाज पाठवत असतो; टीव्ही भलत्याच ठिकाणी कान लावून बसलेला असतो. गेमच्या आत एक पत्र्याची डबी असते, डबीत बारीकशी कॉइल, कॉइलच्या पोटात फेराइटचा आट्यांचा तुकडा. मामाने प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने तो हळूहळू फिरवला. (लोखंडी चालत नाही. लोखंड जवळ आलं की कॉइलच बदलते आणि हात काढला की पुन्हा बिघडते.) आवाज आला. मग त्याने त्या तुकड्यावर मेणाचा एक थेंब टाकला, हलू नये म्हणून, आणि चिठ्ठीवर ४० लिहिले.

आता चिपट्यूनबद्दल. १९८३ साली जपानमध्ये निन्टेन्डोचा फॅमिकॉम आला. आपल्यातल्या बहुतेकांनी ज्याला नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हटलं, ते या फॅमिकॉमच्या नकलांचं खानदान. त्यातल्या चिपमध्ये आवाजाची पाच चॅनेल असतात. दोन पल्स, म्हणजे सुरावट वाजवणारी. एक ट्रँगल, खालच्या आवाजासाठी. त्याला व्हॉल्यूमच नाही, एक तर वाजतो नाही तर बंद. एक नॉइज, ज्यातून फस्स, खस्स आणि स्फोट निघतात. पाचवं चॅनेल छोटे रेकॉर्ड केलेले तुकडे वाजवतं, तेही एका वेळी एक बिट अशा कंजूषपणे. एवढ्या सामानात त्या काळच्या संगीतकारांनी लाखो मुलांना आयुष्यभर पाठ राहतील अशा चाली बसवल्या. मग ती मुलं मोठी झाली आणि त्यातल्या काहींना वाटलं, गेम राहू दे बाजूला, नुसतं वाद्य म्हणून हे वाजवू.

या मंडळींचं लाडकं यंत्र १९८९ चा गेमबॉय. जर्मनीच्या ऑलिव्हर विटशोने त्याच्यासाठी नॅनोलूप हा प्रोग्रॅम केला, स्वीडनच्या योहान कोटलिन्स्कीने एलएसडीजे. ती कॅसेट लावली की गेमबॉयच्या चार बटणांवर अख्खं गाणं रचता येतं, चालू कार्यक्रमात बदलता येतं. २००६ पासून काही वर्षं न्यूयॉर्कला याचा ब्लिप फेस्टिव्हल भरायचा. त्याचे व्हिडिओ मी नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पाहिले. घामाघूम माणसं, हातात करडी वीट, समोर उड्या मारणारी गर्दी.

मीही एक बंद पडलेला गेमबॉय मिळवला. मग दुसरा. मग ओळखीचे लोक त्यांचे आणून द्यायला लागले. गेमबॉयचे आजार ठरलेले असतात. सेल आत विसरलेले असतात, ते फुटून पत्र्यांवर हिरवं-पांढरं बुरशीसारखं काहीतरी चढतं. ते व्हिनेगरने निघतं. स्क्रीनवर उभ्या रेघा गेलेल्या असतात. स्क्रीनच्या खालच्या कडेला जिथे चपटी केबल चिकटवलेली असते तिथून सोल्डरिंग आयर्न हलक्या हाताने फिरवला, की चिकटवलेलं पुन्हा धरतं आणि रेघा परत येतात. पहिल्यांदा हे करताना मी श्वास रोखून धरला होता. वाजवणाऱ्यांसाठी आणखी एक काम करावं लागतं : आतल्या ॲम्प्लिफायरला वळसा घालून आवाज थेट बाहेर काढायचा, म्हणजे खालचे सूर भरीव येतात आणि खरखर कमी होते. त्यासाठी बाहेर एक जॅक बसवायचा. आणि जॅकसाठी भोक पाडायचं.

हे भोक पाडणं वाटतं तेवढं साधं नाही. जुने गेम जमवणाऱ्या लोकांना आम्ही आवडत नाही. त्यांचं म्हणणं, गेमबॉय आता बनत नाहीत, प्रत्येक भोकासरशी जगातला एक धड गेमबॉय कमी होतो. आमचं म्हणणं, कपाटात धड असण्यापेक्षा हातात भोकाचा बरा. मी स्वतः आठ-दहा गेमबॉयना ड्रिल लावलंय आणि एकदाही वाईट वाटलं नाही. म्हणून पुढे जे झालं त्याचं मलाच नवल वाटलं.

२०२३ च्या दिवाळीनंतर मामाने दुकान बंद केलं. पिक्चर ट्यूबचे टीव्ही गेले तेव्हाच धंदा गेला होता, पुढची काही वर्षं तो सवयीने शटर उघडत होता. बंद करायच्या आधी महिनाभर त्याने एक उद्योग केला. रॅकवरच्या सदतीस वस्तू, प्रत्येकीची चिठ्ठी वाचून, स्प्लेंडरवर बांधून, मालकांच्या घरी पोचवायला निघाला. मामी म्हणाली डोकं फिरलंय. एकवीस वस्तू गेल्या. एका घरी रेडिओ ठेवून घेतला, पण हा कोण, कशासाठी आलाय, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. एका ठिकाणी इस्त्री बघून म्हातारीने विचारलं, किती द्यायचे? हा म्हणाला पंधरा. तिने नातवाला आत पाठवून पंधरा रुपये मोजून आणले.

गेमच्या गल्लीत आता अपार्टमेंट होतं. चौकशी केल्यावर कळलं, ती मंडळी दोन हजार सालच्या आतबाहेर गाव सोडून गेली. कुठे, कुणाला माहीत नाही. मामाने मला फोन केला.

"तो गेम तू ने. हितं भंगारवाला घेऊन जाईल."

"मी त्याच्यावर वाजवतो, मामा. स्टेजवर. चालेल?"

"वाजीव की. भोक पाडू नगंस तेवढं. दुसऱ्याची वस्तू हाय."

पुण्याला आणून उघडला तेव्हा गेम बंदच होता. ॲडॉप्टर मेलेला, आतला मोठा कपॅसिटर डोक्यावर फुगलेला, कॅसेटीच्या खाचेतले साठ संपर्क काळे. हे सगळं एका रविवारचं काम. तपकीर गल्लीतून वीसेक रुपयांचे कपॅसिटर आणले, संपर्क स्पिरिटने पुसले, कॅसेटीच्या पट्ट्या खोडरबरने. पॅडच्या बटणांखालचं काळं रबर झिजलं होतं, ते दुसऱ्या मेलेल्या पॅडमधून घेतलं. आत बघून बरं वाटलं : नंतरच्या स्वस्त गेममध्ये सगळं एका काळ्या डांबराच्या ठिपक्याखाली दडवलेलं असतं, यात सुट्या, पाय असलेल्या चिप होत्या. त्यातल्या आवाजाच्या चिपच्या पहिल्या पायावर दोन्ही पल्स निघतात आणि दुसऱ्या पायावर बाकीची तीन चॅनेल. हे दोन पाय वेगवेगळे बाहेर काढले की मिक्सरवर सुरावट आणि ठेका वेगळे हाताळता येतात. दोन वायरी, दोन कपॅसिटर, एक जॅक.

जॅकला जागा हवी.

गेमला मागे एकच गोल भोक होतं, अँटेनाच्या वायरीचं. त्या भोकातून जो जॅक डोकावत होता तो पत्र्याच्या डबीला लागूनच होता. म्हणजे नवीन भोक पाडायचं नसेल तर डबी काढायला लागणार. मामाने फिरवलेली कॉइल, त्यावरचा मेणाचा थेंब. तो थेंब अजून तसाच होता, त्यात थोडी धूळ बसलेली. गेमबॉयच्या वेळी जे वाईट वाटलं नव्हतं ते सगळं मी इथे दोन आठवडे वाटून घेतलं. प्लास्टिकला भोक पाडलं तर मालकाच्या वस्तूला हात लागतो. डबी काढली तर या गेममध्ये मामाचं म्हणून जे काही आहे तेच जातं.

शेवटी फोन केला. सगळं ऐकून घेऊन मामा म्हणाला, "डबी काढ की मग. मी काय लगीन लावलंय तिच्याशी? फक्त टाकू नगंस. मालक आला तर परत बसवून द्याची."

डबी काढली. एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर मार्करने 'आरएफ डबी, मूळ' असं लिहून ती गेमच्या बॉक्समध्ये ठेवली आहे. त्या भोकात स्टिरिओ जॅक बरोबर बसला. चित्राची वायर चॅनेल बदलायच्या स्विचच्या खाचेतून बाहेर काढली. नवीन भोक एकही नाही.

मग प्रोग्रॅम. तयार ट्रॅकर मिळतात, फॅमिट्रॅकरवर मी आधी बरंच काही केलं होतं, पण मला स्वतःचा, हातातल्या पॅडने चालणारा हवा होता. एका पॅडच्या आठ बटणांवर चॅनेल चालू-बंद करणं आणि तुकडे बदलणं, दुसऱ्यावर सूर वर-खाली करणं आणि पल्सचा पोत बदलणं. हे मी ६५०२ च्या असेंब्लीत लिहिलं. दोन किलोबाइट रॅम आणि ३२ किलोबाइटचा ईप्रॉम, जुना, काचेच्या खिडकीचा. तो पुसायला अतिनील दिव्याखाली वीस मिनिटं ठेवावा लागतो. नोकरीत मी दिवसातून चार वेळा कोड वर चढवतो आणि चुकलं तर मागे घेतो; इथे एक स्वल्पविराम चुकला की वीस मिनिटं दिव्याकडे बघत बसायचं. (दिव्याकडे बघायचं नसतं. डोळ्यांना वाईट. डबा बंद करून डब्याकडे बघायचं.) पाचव्या चॅनेलसाठी मामाच्या शेजारच्या मागाचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून आणला. त्या चॅनेलमध्ये जेमतेम सेकंदभराचाच तुकडा मावतो. एक खटका पुरला.

गाणं आधी लॅपटॉपवर रचलं होतं. ते गेमवर पहिल्यांदा वाजवलं तेव्हा ते माझं गाणं नव्हतं.

सूर बरोबर होते, पण मुख्य सुरावट जिथे धारदार यायला हवी तिथे पोकळ येत होती आणि मागची साथ पोकळ हवी तिथे नाकात बोलत होती. शिवाय सगळंच रेंगाळलेलं. मी सोल्डरिंग तपासलं, कपॅसिटर बदलले, प्रोग्रॅम तीनदा वाचला. आठवडाभर रोज ऑफिसनंतर हेच. शेवटी एका मित्राकडून छोटा ऑसिलोस्कोप आणून चिपच्या पायाला लावला.

पल्सचा सूर म्हणजे वीज चालू-बंद, चालू-बंद. सेकंदाला ४४० वेळा केलं की पांढरी सहा. पण त्या प्रत्येक फेरीत वीज किती वेळ चालू ठेवायची यावर सुराचा पोत ठरतो. निम्मा वेळ चालू ठेवली की आवाज पोकळ, गोल, वरातीतल्या क्लॅरिनेटच्या जवळचा. पाव वेळ ठेवली की चिरका, सनईकडे झुकणारा. साडेबारा टक्के ठेवली की डास. चौथा पर्याय पाऊण वेळ, तो कानाला पावसारखाच लागतो. हे चार पर्याय दोन बिटांनी निवडायचे : ००, ०१, १०, ११. मूळ चिपमध्ये ०१ म्हणजे पाव आणि १० म्हणजे निम्मा. स्कोपवर दिसत होतं की माझ्या गेममध्ये ०१ निम्मा आहे आणि १० पाव. जणू चिप आखताना कुणीतरी त्या दोन बिटांच्या तारा एकमेकींच्या जागी लावल्यात. ०० आणि ११ मध्ये अदलाबदलीने काही फरक पडत नाही, म्हणून त्यांचे आवाज बरोबर.

शोधल्यावर कळलं की हे माझ्या एकट्या गेमचं नाही. यातली चिप ६५२७ पी, तैवानी नक्कल, आणि या जातीच्या चिपांत हा उलटा जोड आढळतो. रेंगाळण्याचंही उत्तर मिळालं. जपान-अमेरिकेत टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र काढतो, आपल्याकडे ५० वेळा, आणि गेमचं संगीत त्या चित्राच्या ठेक्यावर चालतं. या नकलेत सूर जवळजवळ मूळ जागीच ठेवलेत, सेमीटोनच्या सहाव्या भागाएवढेच उतरलेले, पण वेग सहाव्या हिश्श्याने कमी. लॅपटॉपवर १५० ला रचलेलं गाणं इथे १२५ ला वाजतं.

त्या रात्री मी काँट्राची कॅसेट लावली आणि ऐकली. मग फोनवर अस्सल मशीनवरचं रेकॉर्डिंग लावलं. मग परत कॅसेट. ते रेकॉर्डिंग मी पूर्वी ऐकलं होतं आणि दर वेळी वाटायचं की कुणीतरी घाईघाईने अपलोड केलंय, काहीतरी गडबड आहे. गडबड माझ्या बाजूला होती. मला पाठ असलेली चाल संगीतकाराने लिहिलेली चाल नव्हतीच. तिचा वेग वेगळा, पोत वेगळा, आणि मागांमुळे ड्रम गायब. जपानमध्ये ती ज्याने रचली त्याने हे रूप कधी ऐकलंही नसेल. आणि माझ्यासारख्या किती घरांत तेच रूप मूळ म्हणून राहिलं असेल.

प्रोग्रॅममध्ये हे सरळ करायला चार बाइटचा एक तक्ता पुरतो. ०१ मागितलं की १० पाठव, १० मागितलं की ०१. वेगही वाढवता येतो. तसं मी केलं. गाणं लॅपटॉपवर होतं तसं वाजायला लागलं, आणि गेमबॉय वाजवणारा एक मित्र म्हणाला, हां, आता खरा आवाज आला. मी ते दोन दिवस ऐकलं. चांगलं होतं. इंटरनेटवरच्या पन्नास चांगल्या चिपट्यूनसारखं चांगलं. तिसऱ्या दिवशी तक्ता काढून टाकला, वेग १२५ वर ठेवला आणि गाणंच पुन्हा रचलं, या चिपला जे येतं ते धरून. खटक्याला जागा मिळाली. मित्राला अजूनही पटलेलं नाही. त्याच्या मते मी बगला फीचर म्हणतोय, आणि आमच्या धंद्यात ही शिवीच आहे.

कार्यक्रम पुण्यातच, एका तळघरातल्या स्टुडिओत. तीस-पस्तीस माणसं, माझ्या वाट्याला वीस मिनिटं. बाराव्या मिनिटाला माझा हात वायरीला लागला, कॅसेट किंचित हलली, आणि पडद्यावर चौकड्यांचा चिवडा. चिप हँग झाली की गप्प होत नाही. शेवटचा सूर धरून बसते. तळघरभर एकच चिरका सूर. मी स्विच बंद केला, कॅसेट उपसली, आणि विचार न करता खाचेत फुंकर मारली. फुंकरीने काही होत नाही, उलट ओल लागून संपर्क खराब होतात, हे मी स्वतः किती जणांना ऐकवलंय. पण समोरून जो हशा आला त्यात टाळ्या होत्या. कॅसेट परत लावली. चालली.

नंतर एक मुलगा आला, विशीतला. गेम हातात घेऊन उलटा केला, चिठ्ठी वाचली, हसला. आठ हजार देतो म्हणाला, चिठ्ठीसकट. मी म्हटलं माझा नाही. त्याला वाटलं मी भाव वाढवतोय.

मामाला रेकॉर्डिंग पाठवलं होतं. त्याचा मेसेज आला : खालचा आवाज कुठाय? फोनच्या स्पीकरला ट्रँगल झेपत नाही, तो गेलेलाच असतो. अख्ख्या वीस मिनिटांतून त्याने नेमकं तेच पकडलं. म्हणून पुढच्या सुट्टीला गेम घेऊन इचलकरंजीला गेलो. बंद दुकानात त्याचा टेस्टिंगचा लाकडी स्पीकर अजून होता, त्याला जोडला. शटर अर्धं वर. मामा स्टुलावर बसून हातातल्या टेस्टरने मांडीवर ठेका धरत ऐकत होता. मागाचा खटका आला तेव्हा त्याने मान वळवून बाहेर बघितलं. शेजारचा माग सुरू झाला असं त्याला वाटलं.

संपल्यावर त्याने गेम उलटा करून चिठ्ठी बघितली, मागचं भोक बघितलं, खाच बघितली, आजूबाजूचं प्लास्टिक बोटाने चाचपलं. "आवाज ओके," म्हणाला. आणि मग, "चाळीस रुपये यायचेत अजून याचे."

मी तिथेच फोन काढून त्याला चाळीस रुपये पाठवले. त्याचा फोन खिशात वाजला. त्याने चष्मा लावला, मेसेज वाचला, मामीला हाक मारून पैसे परत कसे पाठवायचे ते विचारलं, आणि दोघांनी मिळून, दोनदा पिन चुकवून, ते मला परत केले.

"तू मालक न्हाईस," तो म्हणाला.